थकबाकी न ठेवता: शास्त्रवाचन आणि प्रार्थना रोजच्या दिवसात कशी बसवावी

‘यंदा अख्खं बायबल वाचायचं’ असं एक जानेवारीला ठरवणाऱ्याचा हिशेब सोपा असतो. अध्याय ११८९, दिवस ३६५, म्हणजे रोज सव्वातीन अध्याय. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० असे पहिल्या दोन पुस्तकांचे ९० अध्याय २८ जानेवारीच्या सुमारास संपतात आणि समोर तिसरं पुस्तक, लेवीय, येतं: होमार्पण, अन्नार्पण, कोणती चरबी जाळायची, अंगावरचा चट्टा याजकानं कसा तपासायचा. नेमका त्याच आठवड्यात घरात कुणाला तरी ताप येतो. दोन दिवस वाचन राहतं, साडेसहा अध्याय चढतात. रविवारी बसून भरून काढू म्हणतो, तर रविवारी उपासना, मग जेवण, मग पाहुणे. फेब्रुवारीच्या मध्याला थकबाकी वीस-पंचवीस अध्यायांवर जाते आणि पवित्र शास्त्र पुन्हा कपाटावर चढतं. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘माझा विश्वासच कमी पडतो.’ विश्वासाचा इथे फारसा संबंध नसतो. आखणीच अशी होती की ती मोडणारच.

म्हणून सगळ्यात आधी एक नियम: राहिलेलं भरून काढायचं नाही. काल वाचन झालं नाही, तर आज आजचंच वाचायचं. कालचं माफ. हा एक नियम पाळला तर बाकीची पद्धत थोडी इकडेतिकडे झाली तरी चालते. आणि तो मोडला, तर उत्तमातली उत्तम योजनाही महिनाभरात बसते.

पुढे जे सांगितलंय त्याला सकाळची पंधरा मिनिटं, रात्रीची पाच मिनिटं आणि घरात माणसं असतील तर संध्याकाळची दहा-बारा मिनिटं लागतात. तिन्ही एकदम सुरू करू नका. पहिले तीन आठवडे फक्त सकाळ. ती बसली की रात्र. कुटुंबाची प्रार्थना त्यानंतर, कारण तिथे तुमच्या एकट्याच्या इच्छेवर काहीच चालत नाही.

जागा आधी, वेळ नंतर

घरात एक जागा ठरवा. वेगळी खोली हवी असं नाही. दोन खोल्यांच्या घरात ती मिळणारही नाही. खिडकीजवळची खुर्ची, ओट्याशेजारचं स्टूल, पलंगाची एक कड, काहीही चालेल, पण रोज तीच. तिथे चार वस्तू कायम ठेवायच्या: छापील पवित्र शास्त्र, शंभर पानी वही, चालणारं पेन, आणि लागत असेल तर चष्मा. सकाळी अर्धवट झोपेत चष्मा शोधण्यात जी चार मिनिटं जातात, त्यात निम्मे लोक परत अंथरुणात शिरतात.

वेळ घड्याळावर टांगण्यापेक्षा रोज घडणाऱ्या एखाद्या कामावर टांगा. ‘पहाटे साडेपाचला’ असं ठरवलं आणि एक दिवस पावणेसहाला जाग आली की मन म्हणतं, आजचं गेलं. त्याऐवजी ‘दूध तापवून गॅस बंद केला की’, ‘नळाचं पाणी भरून झालं की’, ‘मुलांची रिक्षा गेली की’ असं ठरवा. ज्या घरात नळाला सहाला पाणी येतं, त्या घरात पावणेसहाची उपासना कळशीच्या आवाजात वाहून जाते. तिथे पाणी भरल्यानंतरचीच वेळ खरी. पाळीत काम करणाऱ्यांनी तर घड्याळ विसरावंच. रात्रपाळी करून घरी आलात तर झोपून उठल्यावरची पहिली पंधरा मिनिटं ही तुमची सकाळ, मग दुपारचे दोन का वाजेनात.

येशू मोठ्या पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला गेला हे मार्क १:३५ मध्ये (मार्कच्या पुस्तकात, अध्याय १, वचन ३५) आहे आणि त्यावर भरपूर उपदेश होतात. पण त्याच शास्त्रात दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकतो आणि इसहाक संध्याकाळी शेतात मनन करायला जातो. पहाटेची वेळ चांगली, कारण तेव्हा कुणी हाक मारत नाही. एवढंच तिचं माहात्म्य. रात्री एकला झोपणाऱ्यानं पहाटे चारचा नेम धरू नये. तो दोन दिवस टिकतो आणि तिसऱ्या दिवशी माणूस वहीवर डोकं ठेवून घोरतो.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. गजरासाठी साधं घड्याळ आणा. मोबाइलवर शास्त्र वाचणं पाप नाही, पण गजर बंद करायला फोन उचलला की आधी व्हॉट्सअ‍ॅप दिसतं, आणि तिथे मंडळीच्या ग्रुपवर सकाळी पाचपासूनच गुलाबाच्या फुलावर छापलेली वचनं आलेली असतात. चार वचनं पुढे पाठवली की वाचन झाल्यासारखं वाटतं. ते झालेलं नसतं. छापील प्रत नसेलच, तर फोन विमान मोडवर टाकून मगच अ‍ॅप उघडा.

पंधरा मिनिटांत काय काय

ढोबळ वाटणी अशी: दोन मिनिटं शांत बसणं, पाच मिनिटं वाचन, तीन मिनिटं लिहिणं, पाच मिनिटं प्रार्थना. घड्याळ लावून बसायची गरज नाही. आठवड्याभरात अंदाज येतो.

शांत बसणं म्हणजे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, काही न मागता बसणं. ‘प्रभू, मी आलो आहे’ एवढं वाक्य पुरे. या दोन मिनिटांत हमखास आठवतं ते म्हणजे विजेचं बिल, मुलाची सही राहिलेली वही, संपलेली तूरडाळ. त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर एक शब्द लिहायचा, ‘बिल’, आणि परत यायचं. डोक्यात धरून ठेवलं तर ते पंधराही मिनिटं धडका मारतं.

वाचायला मार्कापासून सुरुवात करा. १६ अध्याय, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, आणि गोष्ट पळते. रोज बारा ते पंधरा वचनं घेतली तर दीड ते दोन महिन्यांत पुरं होतं. अध्यायाच्या आकड्याला बांधून घेऊ नका. प्रसंग जिथे संपतो तिथे थांबा. एकदा मोठ्यानं वाचा, घरचे झोपले असतील तर ओठ हलतील इतपत. मग तेच परत मनात. मोठ्यानं वाचल्यावर डोळे ओळी गाळत नाहीत, आणि आपल्याला पाठ आहे असं वाटणाऱ्या प्रसंगात आपण काय काय गाळत होतो ते कळतं.

मग वहीत दोनच ओळी. पहिली: इथे मला काय दिसलं. दुसरी: त्याचं आज काय. तारीख आणि संदर्भ वर. यापेक्षा जास्त लिहू नका. पानभर लिहिणारे लोक तिसऱ्या आठवड्यात लिहिणं सोडतात आणि त्याबरोबर वाचनही.

एक उदाहरण सावकाश पाहू. मार्क ४:३५–४१, येशू वादळ शांत करतो तो प्रसंग, सात वचनं. रविवारच्या शाळेत चित्रासकट शिकलेला, त्यामुळे ‘हे तर माहीत आहे’ म्हणून डोळा सरकतो. मोठ्यानं वाचताना पहिल्यांदा अडतं ते बारीकसारीक गोष्टींवर. संध्याकाळ झालेली आहे, म्हणजे दिवसभर नावेत बसून शिकवल्यानंतर माणूस दमलेला आहे. बरोबर दुसऱ्याही नावा होत्या. चित्रात त्या कधीच नसतात. आणि तो कुठे झोपला आहे? आपल्या नेहमीच्या भाषांतरात तिथे ‘वराम’ असा शब्द येतो. बहुतेकांना तो अडतो. वराम म्हणजे नावेची मागची बाजू. तिथे उशी घेऊन तो निजला आहे, आणि नावेत पाणी भरतंय.

शिष्य त्याला उठवून जे म्हणतात ती प्रार्थना म्हणून पाहा. आपण बुडतोय, तुम्हाला काळजी नाही का? ना स्तुती, ना उपकारस्तुती, सरळ तक्रार. आता क्रम बघा. मार्कात तो आधी वाऱ्याला धमकावतो, समुद्राला गप्प करतो, आणि मग शिष्यांना विचारतो की तुम्ही इतके भित्रे कसे. हाच प्रसंग मत्तय ८ मध्ये काढला तर तिथे प्रश्न आधी आहे आणि वारा नंतर शांत होतो. मार्क वाचणाऱ्या माणसाला दिसतं की त्यानं तक्रार ऐकून आधी पाणी थांबवलं, कानउघाडणी मागाहून केली. वहीतली पहिली ओळ झाली: ‘आधी वादळ, मग प्रश्न.’ दुसरी ओळ आजच्या दिवसाची: ‘आज बाबांच्या रिपोर्टबद्दल सरळ बोलायचं, गोड शब्द न शोधता.’ एवढं पुरे. लगेच प्रार्थना, आणि ती त्याच रिपोर्टची.

बाराव्या शतकात गीगो नावाच्या एका मठवासीयानं अशा वाचनाच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. आपल्या पंधरा मिनिटांत पहिल्या तीन नीट बसतात. चौथी कधी आपोआप येते, कधी येत नाही. तिच्यासाठी ताटकळत बसून ऑफिसला उशीर करू नका.

वाचून झाल्यावर ‘हे अमक्याला लागू पडतं’ असं वाटलं, तर ते वाक्य वहीत लिहू नका. विशेषतः नवऱ्याला, सुनेला किंवा पाळकसाहेबांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) लागू पडणारं.

कोणतं भाषांतर

मंडळीत वाचलं जातं तेच घरी असावं, म्हणजे रविवारी कानावर पडलेलं आणि घरी वाचलेलं एकमेकांना जोडलं जातं. पण शब्द अडत असतील तर सोप्या मराठीतली दुसरी प्रत शेजारी ठेवा. फक्त अडलेलं वचन तिथे बघा आणि परत या. दोन्ही प्रती ओळीनं वाचत बसलात तर पंधरा मिनिटं भाषांतरांची तुलना करण्यात जातील.

सोप्या मराठीचा आग्रह नवा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला शेवटची अनेक वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून भाषांतर करण्यात घालवली, कारण प्रचलित भाषा साध्या बायकांच्या डोक्यावरून जाते असं त्यांचं मत होतं. १९२२ साली त्या वारल्या, त्याआधी थोडेच दिवस काम पुरं झालं होतं, आणि मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच खिळे जुळवून ते छापलं. ज्या बाईला वाचता येत नाही तिला कुणीतरी वाचून दाखवेल आणि ऐकताना तिला कळेल, ही त्यामागची कसोटी. घरातल्या आजीसाठी आजही तीच वापरा: तिला वाचून दाखवा आणि ‘काय झालं यात?’ असं विचारा.

प्रार्थना यादी होते तेव्हा

सुरुवातीच्या उत्साहात नावं वाढत जातात. घरचे, शेजारचे, आजारी, परीक्षेला बसलेले, लग्न ठरत नसलेले, परदेशी गेलेले. महिन्याभरात चाळीस नावं होतात आणि प्रार्थना हजेरीपत्रक बनते. उपाय सोपा आहे: वार वाटून घ्या. सोमवारी नातेवाईक, मंगळवारी कामावरचे लोक, बुधवारी आजारी, गुरुवारी मंडळी आणि पाळक, शुक्रवारी गाव आणि सरकार, शनिवारी ज्यांच्याशी आपलं पटत नाही ते. रोज फक्त घरातली माणसं आणि त्या वाराची पाच-सात नावं. शनिवारची यादी बहुतेक जण रिकामी ठेवतात. तिच्यात निदान एक नाव असू द्या.

नावापुढे तारीख टाका आणि काही घडलं की दुसरी तारीख. ‘नोकरी, १२ जून’ आणि पुढे ‘मिळाली, ३ ऑक्टोबर’. काही नावांपुढे दुसरी तारीख कधीच पडत नाही, काहींपुढे ‘देवाघरी’ असं लिहावं लागतं. तीही नोंद करा. फक्त मिळालेल्या उत्तरांचीच वही ठेवली की ती दुःखाच्या दिवसांत उघडवत नाही.

सांगाडा हवा असेल तर येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना घ्या. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ इथे थांबा, आपल्या शब्दांत एक वाक्य बोला. ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’, पुन्हा एक वाक्य. ‘आमची रोजची भाकर’ इथे आजची खरी गरज: पगार, पाऊस, इन्सुलिन. ‘आमचे ऋण आम्हांस सोड’ इथे नेमकं कालचं. पाच मिनिटं कशी गेली कळत नाही. पहिल्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती लोकांसाठी लिहिलेल्या ‘डिडाखे’ या जुन्या ग्रीक पुस्तिकेत हीच प्रार्थना दिवसातून तीनदा करा असं सांगितलंय. दुपारच्या डब्याआधी ती एकदा मनात म्हटली तर अर्धं मिनिट लागतं.

आपल्याकडे प्रार्थनेची एक ठरीव भाषा आहे, ‘हे दयाळू, कृपाळू, सर्वसमर्थ परमेश्वर बापा’ इथून सुरू होणारी. मंडळीत ती शोभते. एकट्यानं बसताना मात्र जी भाषा तुम्ही भाजीवाल्याशी, बहिणीशी बोलता ती वापरून पाहा. पहिले दोन दिवस अवघडल्यासारखं होतं. लांबीचंही तसंच: सहाव्या शतकात बेनेडिक्टनं आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात प्रार्थना आखूड आणि शुद्ध असावी असं आहे, आणि तो माणूस दिवसातून सात वेळा उपासनेला उभा राहणाऱ्यांना हे सांगत होता.

शब्दच सुचत नसतील तेव्हा स्तोत्र उचला. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे सगळ्यांना येतं, पण ज्या दिवशी सगळंच उणं पडलेलं असतं त्या दिवशी १३वं स्तोत्र वाचा, ते ‘किती काळ?’ असं पुनःपुन्हा विचारतं. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेड नाही. तेही स्तोत्रसंहितेत ठेवलेलं आहे, त्या अर्थी तसली प्रार्थना चालते.

रात्रीची पाच मिनिटं

लोयोलाच्या इग्नेशियसनं सोळाव्या शतकात आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली ती त्याच्या संघाचे येशूसंघीय (जेझुइट) अजून पाळतात, आणि ती प्रॉटेस्टंट घरातही जशीच्या तशी बसते. पाच पावलं आहेत. आज मिळालेल्याबद्दल आभार. स्वतःला खरं दिसावं म्हणून मागणी. मग सकाळपासून आत्तापर्यंतचा दिवस तासातासानं डोळ्यांपुढून नेणं. जिथे चुकलं तिथली क्षमा. उद्यासाठी एक निश्चय. शेवटी प्रभूची प्रार्थना.

तिसऱ्या पावलावर वेळ द्या, बाकीची पटकन होतात. ‘मी पापी आहे’ हे ढोबळ वाक्य काही शोधून काढत नाही. ‘अकराच्या सुमारास शिपायावर ओरडलो, चूक माझी होती’ हे सापडलं की निश्चयही नेमका होतो: उद्या गेल्या गेल्या त्याच्याशी बोलायचं. दिवा मालवून, पांघरुणात शिरून हे करू नका. तासातासानं दिवस बघताना बाराच्या पुढे कुणी पोचत नाही. पलंगावर बसून करा आणि मग आडवे व्हा.

पाठांतर

आठवड्याला एकच वचन. एका बाजूला वचन, दुसऱ्या बाजूला संदर्भ असं कार्ड करा. लग्नपत्रिकेची कोरी बाजू कापली तरी चालते. कार्ड खिशात किंवा कणकेच्या डब्याला टेकवून. सोमवारी पाहून दहा वेळा, मंगळवारपासून न पाहता. मागच्या सात आठवड्यांची सात कार्डं रोज एकदा, त्याआधीची सगळी फक्त रविवारी. विरार लोकलमध्ये उभं राहून पुस्तक उघडता येत नाही, पण सात वचनं म्हणता येतात.

सुटं वचन पाठ करण्यात एक धोका आहे. प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:१३, ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’, परीक्षेच्या आणि क्रिकेटच्या आदल्या दिवशी फार चालतं. आधीची तीन वचनं वाचलीत तर पौल तुरुंगातून लिहितोय की मला भरल्या पोटी राहता येतं आणि उपाशीही राहता येतं. म्हणून नियम असा की पाठ एक वचन करायचं, पण वाचायची त्याच्या मागची-पुढची पाच.

गद्य राहत नाही अशांनी गीत घ्यावं. गोव्यातले जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचलं, ते १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, आणि ओवी कानात राहते हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओवी उपासनेत आणली. मंडळीच्या गीतपुस्तकातलं टिळकांचं एक गीत महिन्याला पाठ करा, सर्व कडव्यांसह. पहिलं कडवं सगळ्यांना येतं, तिसऱ्याला सगळे गुणगुणतात.

संध्याकाळची प्रार्थना

जेवणाआधी. जेवल्यावर मुलं पेंगतात आणि मोठ्यांची मालिका सुरू होते. क्रम: गीताची दोन कडवी, आठ-दहा वचनं, एक प्रश्न, प्रत्येकाचं एक वाक्य, प्रभूची प्रार्थना. बारा मिनिटांत आटोपा, रंगात आलं असलं तरी.

वाचन मुलांकडे द्या, अडखळली तरी मध्ये दुरुस्त करू नका. प्रश्न उत्तर ठरलेला नसावा. ‘येशूनं काय शिकवलं?’ या प्रश्नाला सात वर्षांचं मूलही ‘प्रेम करा’ म्हणून सुटका करून घेतं. ‘नावेत तू असतास तर कुठे बसला असतास?’ याला ते खरं काहीतरी सांगतं. प्रार्थनेत प्रत्येकानं एकच वाक्य. हा नियम खरं तर मुलांसाठी नाहीच, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी आहे. मामा आले आणि मान म्हणून त्यांना प्रार्थना करायला सांगितली की ती आदामापासून निघते, सगळ्या भाचरांच्या गुणदोषांना स्पर्श करते, आणि आमटी गार होते. पाहुण्यांना स्तोत्र वाचायला द्या, मानही राहतो.

आणि प्रार्थनेतून मुलांना टोमणे नकोत. ‘हे प्रभू, रोहनला अभ्यासाची बुद्धी दे’ हे रोहनला बरोबर कळतं, आणि पुढच्या वर्षी तो प्रार्थनेच्या वेळी क्लास लावतो.

कॅथलिक घरांत, वसईला किंवा गोव्यात, संध्याकाळची रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, असते. पाच दशकं (दहा-दहा प्रार्थनांचे पाच गट) म्हणायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. लहान मुलं असतील तर एकच दशक घ्या, पण त्या दिवसाची रहस्यं, म्हणजे मनन करायचे येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग, पाळा: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, आणि २००२ पासून गुरुवारी प्रकाशाची. दशकाआधी त्या प्रसंगाची दोन वचनं वाचली तर माळ घाईनं ओढली जात नाही.

उपासाबद्दल थोडं

ईस्टरआधीचा उपासकाळ राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस. त्यातले ६ रविवार वगळले की ४० उरतात. सवय लावायला हा काळ चांगला, कारण सगळी मंडळी बरोबर असते. आठवड्यातून एक जेवण सोडा, पाणी भरपूर प्या, आणि त्या जेवणाची वेळ वाचनाला द्या. सोडलेल्या जेवणाचे पैसे डब्यात बाजूला काढून शेवटी कुणाच्या तरी घरी किराणा द्या. यशया ५८ मधला उपास असाच आहे, भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याचा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदर असाल, अंगावर पाजत असाल तर अन्नाचा उपास करू नका. मोबाइल किंवा मालिका सोडा. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दुप्पट खाण्यापेक्षा वरण-भात साधा खाल्लेला बरा.

कुठे मोडतं

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोरडेपणा येतो. वाचलेलं भिडत नाही, प्रार्थना छताला लागून परत येते. नवखे लोक इथे पद्धत बदलतात, नवं पुस्तक, नवं अ‍ॅप, यूट्यूबवरचे नवे उपदेशक. काही बदलू नका. वेळ निम्मी करा, जागा तीच ठेवा, दोन वचनं वाचून उठा. तीनेक आठवड्यांत बहुतेकांचं परत चालू होतं. कोरडेपणाबरोबर झोप उडाली असेल, खाणं सुटलं असेल, जगणंच नको वाटत असेल, तर मात्र तो उपासनेचा प्रश्न नाही. पाळकांना सांगाच, पण डॉक्टरांकडे आधी जा. तिथे ‘जास्त प्रार्थना कर’ हा सल्ला घातक ठरतो.

रविवारच्या शाळेचे शिक्षक, महिला मंडळाच्या पुढारी, कॉटेज प्रार्थनेत (घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) वचन सांगणारे यांचा घोटाळा वेगळाच. ते भरपूर वाचतात, पण प्रत्येक वचन दुसऱ्यांना काय सांगायचं या नजरेनं. त्यांनी तयारीचं वाचन आणि स्वतःचं वाचन यांसाठी शास्त्राची वेगवेगळी पुस्तकं ठेवावीत. गुरुवारी योहानावर बोलायचं असेल, तर सकाळची पंधरा मिनिटं मार्कावरच.

घरात किंवा होस्टेलच्या खोलीत तुम्ही एकटेच ख्रिस्ती असाल तर मोठ्यानं वाचणं जमणार नाही, आणि त्यावरून वाद घालायचीही गरज नाही. चालायला जाताना कानात ध्वनिमुद्रित शास्त्र लावा, बाकावर बसून दोन ओळी लिहा. अशा माणसाला आठवड्यातून एकदा कुणाला तरी भेटणं मात्र आवश्यक आहे: एकच माणूस, अर्धा तास, वही उघडून. विचारायचं एवढंच, या आठवड्यात किती दिवस बसलास, आणि सर्वांत चांगली ओळ कोणती. सातपैकी चार दिवस झाले असतील तर आठवडा चांगला गेला.

मार्क संपल्यावर

लगेच उत्पत्तीकडे धावू नका. फिलिप्पैकरांस पत्र चार अध्याय, याकोबाचं पाच. ही दोन घ्या, मग लूक, आणि त्याला लागून प्रेषितांची कृत्ये. उत्पत्ती आणि निर्गमाचा पूर्वार्ध त्यानंतर छान वाचला जातो. लेवीय वाचायचं तर इब्रीकरांस पत्रानंतर, कारण याजक आणि रक्त हे सगळं कशासाठी होतं ते तोवर कळलेलं असतं.

स्तोत्रं मात्र बाजूला चालू ठेवता येतात. १५० स्तोत्रं, रोज ५, महिन्यात पूर्ण. खूण लक्षात ठेवायची गरज नाही, तारीखच खूण आहे: आज ७ तारीख असेल तर ७, ३७, ६७, ९७, १२७, दर वेळी तीस मिळवायचे. सगळी पाच जमली नाहीत तर पाचांतलं एक निवडा. नीतिसूत्रांचे ३१ अध्यायही तारखेप्रमाणे घेता येतात, पण दोन्ही एकदम नको. अडचण येते ती २९ तारखेला: २९, ५९, ८९, ११९, १४९. त्यातलं ११९वं १७६ वचनांचं आहे, आठ-आठ वचनांची २२ कडवी. त्या दिवशी बाकीची चार वाचा आणि ११९व्यातलं एकच कडवं. या महिन्यात १ ते ८, पुढच्या महिन्यात ९ ते १६. एक फेरी व्हायला २२ महिने लागतात. मध्ये फेब्रुवारी २८ दिवसांचा आला तर त्या महिन्याचं कडवं राहतं, म्हणून मार्चमध्ये दोन कडवी वाचायची नाहीत.